दहाचं अकरा होताना

"विंडोज दहा बंद पडलं म्हणे. आता आमचा कॉम्प्युटर चालायचा की नाही?"

हा प्रश्न मला आमच्या हिंडलग्यात पिठाच्या गिरणीपाशी विचारला जातो, बेळगावला जाणाऱ्या बसमध्ये विचारला जातो, आणि लग्नाच्या पंगतीत वाढपी जिलेबी घेऊन समोर उभा असतानाही विचारला जातो. विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर घरातल्या म्हाताऱ्या माणसाबद्दल डॉक्टरांना विचारतात तशी काळजी असते. म्हणून आजचा सगळा लेख याच विषयावर. ज्यांच्या घरी अजून दहाच आहे आणि अकरावर जायचं मनात आहे, त्यांनी तो निवांत बसून वाचावा. यंत्र दुकानात नेऊन टाकण्याआधी वाचला तर अधिक बरं.

पहिलं म्हणजे, काही बंद पडलेलं नाही. विंडोज १० जुलै २०१५ मध्ये आलं आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने त्याची नेहमीची देखभाल थांबवली. वाडा तसाच उभा आहे, दिवे लागतात, नळाला पाणी येतं. रात्री फेरी मारणारा गुरखा तेवढा काढून घेतला आहे. चोर नव्या वाटा शोधतात आणि कंपनी त्या वाटा बुजवते, हे काम दर महिन्याला चालायचं. ते थांबलं. ज्यांनी जादा मुदतीसाठी नाव नोंदवलं, अशा घरगुती यंत्रांसाठी कंपनीने १३ ऑक्टोबर २०२६ ही पुढची तारीख जाहीर केली होती. म्हणजे दहावर पत्र टाइप करायला काही हरकत नाही, पण पहारा नसलेल्या यंत्रावर बँकेचं काम करू नये. हे मी घरच्यांनाही निक्षून सांगितलं आहे.

हे काही पहिल्यांदाच घडत नाही. एक्सपीची देखभाल ८ एप्रिल २०१४ ला संपली, सातची १४ जानेवारी २०२० ला. दोन्ही वेळी आपल्याकडे अर्ध्या लोकांनी वर्षभर काही केलं नाही आणि उरलेल्यांनी एका रात्रीत सगळं पुसून घेतलं. नुकसान या दुसऱ्या मंडळींचं जास्त झालं.

आता अकरा तुमच्या यंत्रावर बसेल का? विंडोज ११ ऑक्टोबर २०२१ मध्ये आलं आणि येतानाच त्याने अटी घातल्या. किमान ४ जीबी मेमरी आणि ६४ जीबी जागा ही तर साधी गोष्ट. खरी अडचण 'टीपीएम २.०' या सुरक्षेच्या चिपची आणि प्रोसेसरची. इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. म्हणजे २०१७च्या आधी घेतलेली बहुतेक यंत्रं बाद. मायक्रोसॉफ्टचा 'पीसी हेल्थ चेक' नावाचा छोटा प्रोग्राम आहे, तो चालवला की हो किंवा नाही असं स्पष्ट उत्तर मिळतं. उत्तर हो आलं आणि तुमचं दहा अस्सल असेल, तर अकरा फुकट मिळतं. त्यासाठी कुणी पैसे मागत असेल तर ते त्याच्या वेळेचे आणि मजुरीचे आहेत, विंडोजचे नव्हेत, हे लक्षात असू द्या.

उत्तर नाही आलं तरी "बसवून देतो, चिंता नको" म्हणणारे हुशार लोक आहेत. अटी चुकवून अकरा बसवता येतं हे खरं. पण अशा यंत्राला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी नाही, असं कंपनीनेच सांगितलेलं आहे. गुरखा नाही म्हणून घर बदलायचं आणि नव्या घरीही त्याची खात्री नाही, यात काय हशील? त्यापेक्षा जुन्या यंत्रावर लिनक्स मिंटसारखी फुकट प्रणाली बसवावी. त्यात मराठी आणि कन्नड दोन्ही नीट दिसतं, नीट लिहिता येतं, आणि पत्र, हिशेब, इंटरनेट एवढ्यासाठी ती पुरते.

दिसण्यातल्या बदलांबद्दल फार लिहीत नाही. स्टार्टचं बटण मधोमध गेलं आहे. ते सेटिंगमधून परत डाव्या कोपऱ्यात आणता येतं आणि आज्जी-आजोबांच्या घरात ते आधी आणावं. उजव्या बटणाची यादी आखूड झाली आहे, जुनी यादी 'शो मोर ऑप्शन्स'च्या पोटात आहे. वर्डपॅड २०२४च्या आवृत्तीपासून काढून टाकलं. इंटरनेट एक्सप्लोरर तर अकरामध्ये पहिल्यापासूनच नाही. हात बसायला आठ-पंधरा दिवस लागतात. माझ्या वहिनींच्या धारवाडी कन्नडमध्ये सांगायचं तर "एनू आगंगिल्ल", काही होत नाही.

मात्र दोन गोष्टी दिसत नाहीत आणि त्या महत्त्वाच्या आहेत.

एक म्हणजे खातं. घरगुती अकरा बसवताना मायक्रोसॉफ्टचं खातं मागितलं जातं. दुकानातला पोरगा घाईत स्वतःचाच ईमेल घालतो किंवा तिथल्या तिथे कुठला तरी नवा बनवतो, आणि यंत्र तुमच्या हातात देतो. पूर्वी याने फारसं बिघडत नसे. आता बिघडतं. २०२४च्या २४एच२ आवृत्तीपासून नव्याने बसवलेल्या अकरामध्ये, यंत्र त्या लायकीचं असेल तर, खात्यातून आत शिरल्यावर सगळी डिस्क आपोआप कुलूपबंद होते. त्या कुलपाची ४८ आकडी किल्ली त्या खात्यात जाऊन बसते. एरवी ती कधी लागत नाही. पण यंत्र बिघडलं, आतला एखादा भाग बदलला, की पडदा निळा होतो आणि किल्ली मागतो. खातं दुकानातल्या पोराचं आणि पोरगा नोकरी सोडून पुण्याला गेलेला, असं झालं तर तुमच्या मुलीच्या बारशाचे फोटो तुमच्याच घरात असून तुम्हाला दिसणार नाहीत. तेव्हा खातं घरातल्या माणसाचं, फोन नंबर घरातला, आणि ती किल्ली कागदावर लिहून रेशनकार्डाच्या पाकिटात. एवढं झाल्याशिवाय दुकानातून उठू नका.

त्याच खात्याबरोबर वनड्राइव्ह येतं. ते तुमचे फोटो आणि कागद परस्पर कंपनीच्या साठ्यात ठेवू पाहतं. फुकट जागा ५ जीबी. एका लग्नाच्या फोटोंना ती पुरत नाही, मग पैशाची मागणी सुरू होते. हवं असेल तर ठेवा, नको असेल तर पहिल्याच दिवशी बंद करा. अर्धवट ठेवू नका.

दुसरी गोष्ट आपल्या भागातल्या घरांची खास आहे, आणि तिच्याविषयी पुण्यामुंबईच्या पेपरातून तुम्हाला फारसं वाचायला मिळणार नाही. आपल्या घरातले जुने कागद दोन लिप्यांत आहेत आणि दोन्ही जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये आहेत.

१९९८ ते २००८ चा काळ आठवा. बेळगावात गल्लोगल्ली डीटीपीची दुकानं होती. लग्नपत्रिका एका अंगाला मराठी, दुसऱ्या अंगाला कन्नड. मराठीसाठी पुण्याच्या मॉड्युलरचं श्रीलिपी, सी-डॅकचं आयएसएम, नाहीतर बंगळूरचं आकृती. कन्नडसाठी कन्नड गणक परिषदेचं नुडी, किंवा शेषाद्रि वासु यांनी १९९८ मध्ये आणलेलं बरह, ज्यात देवनागरीही लिहिता येई. त्या दुकानांतून घरोघरी कागद आले. कुणाची वंशावळ, कुणाचं आत्मचरित्र, कुणाच्या मठाचा इतिहास, सोसायटीचे ठराव, भजनी मंडळाची वही. पुढे दुकानदाराने सीडीवर घालून दिलं, मुलाने ते घरच्या कॉम्प्युटरवर उतरवलं आणि 'माय डॉक्युमेंट्स'मध्ये ते वीस वर्षं निजलं.

या फॉन्टमध्ये एक मेख होती. कॉम्प्युटरला तेव्हा क, ख, ग माहीत नव्हते, इंग्रजी अक्षरंच माहीत होती. म्हणून या मंडळींनी युक्ती केली. आत इंग्रजी अक्षराचाच नंबर ठेवायचा आणि फॉन्टमध्ये त्या नंबराला 'क'चं चित्र लावायचं. पडद्यावर मराठी दिसे, पोटात इंग्रजी अक्षरांची खिचडी असे. जोवर तो फॉन्ट यंत्रात आहे तोवर सगळं ठीक. यंत्र पुसलं, फॉन्ट गेला, की उरते ती खिचडी. मधेच डॉलर, मधेच कंस, डोक्यावर टिंबं असलेली युरोपातली अक्षरं. प्रत्येक कंपनीची चित्रं लावण्याची तऱ्हा वेगळी, त्यामुळे श्रीलिपीतलं आकृतीला कळत नाही आणि नुडीतलं या दोघांनाही कळत नाही.

निपाणीच्या एका वाचक भगिनींचं पत्र माझ्याकडे आलं ते याच कारणाने. माहेर गोकाककडचं, सासर निपाणीचं. सासूबाई जात्यावरच्या ओव्या म्हणायच्या मराठीत, आणि आई बीसुव पदं म्हणायची कन्नडमध्ये. दळताना दोघींची चाल वेगळी, पण सासर-माहेराचं सुखदुःख तेच, असं बाईंनी लिहिलं होतं. २००३ साली त्यांनी दोघींना बसवून सगळं वहीत उतरवून घेतलं आणि ओळखीच्या डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतलं. वही पुढे पावसात भिजली. दोघी म्हाताऱ्या आता नाहीत. लेकाने नवा लॅपटॉप आणला, त्यात फाइल घातली, तर पडद्यावर खिचडी. जुना कॉम्प्युटर भंगारवाल्याला द्यायचं ठरलं होतं. बाईंचा प्रश्न साधा होता : "अकरामध्ये हे दिसेल का?"

मी तातडीने निरोप धाडला की भंगारवाल्याला परत पाठवा. कारण उत्तर अकरामध्ये नव्हतं, त्या जुन्या डब्यात होतं.

जुन्या डब्यात फॉन्ट शाबूत होते. विंडोजच्या आत 'फॉन्ट्स' नावाचं एक फोल्डर असतं, ते पूर्ण उचलून पेनड्राइव्हवर घेतलं. हे पहिलं काम, आणि ते तुम्हीही पहिलंच करा. त्यावेळचे बहुतेक फॉन्ट ट्रूटाइप जातीचे असतात आणि ते अकरामध्येही बसतात, त्यामुळे निदान वाचता तरी येतं. टाइप करायचा मूळ प्रोग्राम मात्र नव्या यंत्रावर चालेलच असं नाही. काहींना मागे खोचायचं कुलूप असे, आणि त्याची खाचच आता लॅपटॉपला नसते.

दुसरं काम, जुन्या यंत्रावरच प्रत्येक फाइल उघडून तिची पीडीएफ करणं. पीडीएफमध्ये अक्षरांची चित्रं सोबत बांधली जातात, म्हणून ती कुठेही तशीच दिसते. पण ती दिसण्यापुरतीच. तिच्यात शब्द शोधता येत नाही आणि त्यातली ओवी उचलून नातीला फोनवर पाठवली तर तिला परत खिचडीच जाते.

म्हणून तिसरं काम : युनिकोडमध्ये बदलणं. युनिकोड म्हणजे जगातल्या प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा कायमचा नंबर. मराठीचा 'क' २३२५. कन्नडचा 'क' ३२२१. आता कुणी इंग्रजीचा पाट मागायला जायचं नाही. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये बदलून देणारे प्रोग्राम मिळतात, पण कुठला फॉन्ट आहे ते त्यांना नेमकं सांगावं लागतं. आणि बदललेला मजकूर डोळ्यांत तेल घालून वाचावा लागतो. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होई, कारण ती दिसते आधी. युनिकोडमध्ये ती अक्षराच्या नंतर येते, कारण आपण बोलतो तशी. बदलताना ही वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते. रफाराचंही तसंच. 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' यांतला चंद्रकोरीसारखा र तर हमखास घोटाळा करतो. कन्नडमध्ये अर्कावत्तु आणि खाली लटकणारी वत्तक्षरं तपासावीत.

बाईंच्या मराठी फाइलीत अशा चुका बऱ्याच निघाल्या. त्यांनी आणि त्यांच्या सुनेने मिळून त्या काढल्या. सुनेला ओव्यांतले निम्मे शब्द ठाऊक नव्हते, त्यामुळे काम लांबलं, आणि माझ्या मते लांबलं ते बरंच झालं. कन्नड फाइल नुडीची होती, ती त्या मानाने सुरळीत उतरली. तिसरी फाइल पेजमेकरची होती. पेजमेकरची शेवटची सातवी आवृत्ती २००१ मध्ये आली, पुढे अडोबीने ते सोडूनच दिलं. त्या जुन्या डब्यात पेजमेकर होतं म्हणून ती उघडली, नाहीतर अवघड होतं. चौथी फाइल फक्त सीडीवर होती आणि सीडीवर बुरशीसारखे डाग पडले होते. ती निघाली नाही. तीत दोघींनी एकत्र म्हटलेली काही पदं होती.

निपाणी-चिकोडीकडे तंबाखूच्या आणि अडतीच्या दुकानांत अजून डॉसवरच्या फॉक्सप्रोचे हिशेब चालू आहेत, त्यांनाही जाता जाता सांगतो. विंडोज १० ची ३२ बिटी आवृत्ती असल्या जुन्या प्रोग्रामांना सांभाळून घेई. अकरा फक्त ६४ बिटी आहे, ते त्यांना दारातच उभं करत नाही. डॉसबॉक्ससारखे आडमार्ग आहेत, पण वर्षाचा हिशेब आडमार्गावर ठेवू नये. जुन्या प्रिंटरचंही आधी विचारून घ्या. त्याचा ३२ बिटी ड्रायव्हर अकराला चालत नाही.

एवढं ऐकून दहाच बरं होतं असं वाटेल. पण नव्या यंत्रात आपल्यासारख्या दुभाषी घरांसाठी एक चांगली सोय आहे, तीही सांगितली पाहिजे. देवनागरी विंडोज २००० मध्ये आली, कन्नड एक्सपीमध्ये. तेव्हा सीडी घालून, 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट'वर टिचकी मारून त्या जाग्या कराव्या लागत. आता दोन्ही आतच असतात. 'टाइम अँड लँग्वेज'मध्ये जाऊन मराठी आणि कन्नड दोन्ही भाषा जोडायच्या. मग विंडोजचं बटण दाबून धरून स्पेसबार दाबला, की लिपी बदलते. इंग्रजी अक्षरांतून उच्चाराप्रमाणे लिहायचा फोनेटिक कीबोर्ड २०१९च्या मे अपडेटपासून दोन्ही भाषांत आहे. भाषा जोडताना पुरवणी फॉन्टही उतरवून घ्या. मंगल आणि तुंगा हे आपले जुने ओळखीचे फॉन्ट आता त्या पुरवणीत असतात. ते नसले तर जुना बायोडेटा दुसऱ्याच फॉन्टमध्ये उघडतो आणि एका पानाचा सव्वा पान होतो.

मी स्वतः मात्र फोनेटिकपेक्षा इनस्क्रिप्ट शिकावं असं म्हणेन. हा सरकारने १९८६ मध्ये ठरवलेला कीबोर्ड. त्यात मराठी 'क' ज्या बटणावर, त्याच बटणावर कन्नड 'क'. 'ळ'चंही तसंच. व्यंजनं उजव्या हाताला, स्वर डाव्या हाताला, दोन्ही भाषांत. शाळेत कन्नड आणि घरात मराठी अशी आपली पोरं एक कीबोर्ड शिकली की दुसरा शिकावाच लागत नाही. युनिकोडमध्येही हाच हिशेब आहे. भारतीय लिप्यांना १२८ खोल्यांची एकेक चाळ दिली आहे. देवनागरीची पहिली, कन्नडची आठवी. पहिल्या चाळीत 'क' ज्या खोलीत राहतो, आठव्या चाळीतही त्याच नंबरच्या खोलीत. ३२२१ मधून २३२५ वजा करा, ८९६ येतात, म्हणजे बरोबर सात चाळी. 'ळ'साठी करून पाहा, तेवढेच येतील. कन्नडमध्ये ऱ्हस्व 'ए' असतो, मराठीत तो नाही, तरी देवनागरीच्या चाळीत त्याच्यासाठी खोली राखून ठेवली आहे. आमच्या वहिनींना हे सांगितलं तर म्हणाल्या, "मग मला लग्नानंतर तुमच्या घरात एवढं अवघड का गेलं?"

अपग्रेड करताना लॅपटॉप चार्जरला लावून ठेवा. पावसाळ्यात आपल्याकडे लाइट कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून डेस्कटॉपवाल्यांनी यूपीएसशिवाय हात घालू नये. डाउनलोड काही जीबींचं असतं, फोनच्या हॉटस्पॉटवर करू नका. जुनं यंत्र निदान महिनाभर घरातच राहू द्या, इंटरनेटची वायर काढून. देऊन टाकायचंच झालं तर आतली हार्ड डिस्क काढून घ्या.

जुन्या फाइलींबद्दल विचारायचं असेल त्यांनी जरूर लिहावं. लिहिताना "मराठी फाइल उघडत नाही" एवढ्यावर थांबू नका. जुन्या यंत्रावर ती फाइल उघडा, एक ओळ काळी करा, वरच्या पट्टीत फॉन्टचं जे नाव दिसेल ते जसंच्या तसं, आकड्यांसकट, पत्रात उतरवा. नाव अर्धवट असलं तर मला काही करता येत नाही.